सापडलेल्यांच्या यादीतली हनान

सांगलीच्या एसटी स्टँडवरून मी कायमची निघाले, तेव्हा माझ्या गाडीची घोषणा माझ्या वडिलांनीच केली. नाना तिथे वाहतूक नियंत्रक होते. त्या दिवशी रजा टाकता आली असती, पण त्यांनी टाकली नाही. "सांगलीहून मुंबईकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशीही ते तसंच आलं, एका सुरात, न अडखळता. तीन वर्षांच्या सायलीला मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते आणि मनातून चिडले होते. पोरगी परदेशात चालली आहे, निदान आवाज तरी जरा हलू द्या! कंडक्टरनं बेल द्यायच्या आत नाना केबिनमधून उतरून खिडकीशी आले. आई रडत रडत दशम्यांचा डबा आत सरकवत होती. नाना म्हणाले, "तिकडं गेल्यावर कळलं नाही तर विचारून घेत जा, मंगल. विचारल्यानं गाडी चुकत नाही." मग ते परत केबिनमध्ये गेले, कारण मागून कोल्हापूरची गाडी येत होती.

तुम्ही जे तिकडे राहिलात ते दर दिवाळीला मला विचारता, "मस्कतमध्ये तू करतेस तरी काय?" मी 'ऑनलाइन काम' एवढं सांगून चिवड्याचा विषय काढते. आणि जे माझ्यासारखे इकडे आलात ते विचारतच नाही, कारण तुम्हाला वाटतं की मला सांगायचं नाही. दोघांनाही यावेळी नीट सांगते. मध्यंतरी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

सांगलीत मी एका जिल्हा दैनिकात अकरा वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायला जाण्याआधी मजकूर वाचून चुका काढणारी बाई. उपसंपादक मला घाबरायचे, हे मी अभिमानानं सांगते. पान पाच माझं खास होतं, निधन वार्तांचं. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलं आहे की झोपेतसुद्धा सांगेन. बायकांच्या बातमीत कधी कधी कंसात माहेरचं नाव यायचं. जागा कमी पडली की मी पहिली कात्री त्या कंसाला लावायचे. ओळ वाचायची आणि कुणाची तक्रारही यायची नाही.

शिरीष, माझा नवरा, माझ्या आठ महिने आधी मस्कतला आला होता, पाइप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून. शहरातल्या दार्सैत भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खाली कृष्णमंदिराकडे जाणारी माणसं, समोरच्या गॅलरीत गुजराती बाईचे पापड, वरच्या मजल्यावर मल्याळी नर्सेस. परदेशात आल्यासारखं काही वाटेना. वाटलं ते एवढंच की माझी विद्या कुचकामी झाली. मराठी मुद्रितशोधकाला मस्कतमध्ये कोण विचारणार? मी जवळच्या रुवीच्या बाजारात चालत जायचे आणि हॉटेलांच्या मेन्यू कार्डांतल्या चुका पेन्सिलनं दुरुस्त करून यायचे. मराठी मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं मी तीन दिवसांत वाचून दिली, तेव्हा चिटणीस म्हणाले, "वहिनी, एवढं कोण वाचतं हो?" त्या माणसाशी मी वर्षभर बोलले नाही. सायली मोठी होत गेली, शाळेत इंग्रजी बोलायला लागली आणि घरी येऊन म्हणायला लागली, "आई, तू सगळ्यांना करेक्ट करते." मी म्हणायचे, "करतेस." ती म्हणायची, "सी?"

लुब्ना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा सायली दहावीत होती. पॅलेस्टिनी बाई, माझ्याच वयाची, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. एकदा दुपारी तिचं इंटरनेट बंद पडलं आणि ती लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिला काहीतरी ताबडतोब पाठवायचं होतं. मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, चहा ठेवला आणि सवयीनं तिच्या खांद्यावरून पडद्यावर नजर टाकली. बातमी होती. मथळ्यात एका माणसाचं वय त्रेचाळीस होतं आणि दुसऱ्या परिच्छेदात चौतीस. मला राहवेना. मी बोट ठेवलं. लुब्नानं वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता चहा न घेताच जाणार.

"तू पत्रकार आहेस?" तिनं विचारलं.

"नाही. पत्रकारांच्या चुका काढायचे."

तिनं खुर्ची सरकवून मला शेजारी बसवलं. त्या दिवसापासून मी तिथेच बसले आहे असं म्हणायला हरकत नाही.

ती ज्या वेबसाइटचं काम करते ती बातम्यांची वेबसाइट आहे, अरबीत आणि इंग्रजीत. ऑफिस नाही, मालक नाही. चार देशांत पसरलेली आठ-नऊ माणसं, बहुतेक पॅलेस्टिनी, आपापली नोकरी सांभाळून ती चालवतात. त्यांच्या देशातल्या युद्धाची बातमी तिथल्या माणसांच्या बाजूनं सांगायची, एवढं त्यांचं म्हणणं. लुब्ना मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मोठ्या वाहिन्यांवर आमचा आकडा येतो. आमच्याकडे नाव येतं. नाव, वडिलांचं नाव, काय काम करत होता, कुठल्या गल्लीत." मला हे लगेच पटलं. मी पान पाचवरची बाई, मला आकड्यांत कधीच रस नव्हता.

राजकारणाचं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, आता बऱ्यापैकी कळतं. पण मला त्यांच्यात धरून ठेवलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीनं. कुठलंही नाव दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय छापायचं नाही. कुणी मारलं ते माहीत असेल तर 'मृत्यू झाला' असं गुळमुळीत लिहायचं नाही, आणि माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. एकदा एका उद्ध्वस्त शाळेचा फोटो जगभर फिरत होता, सगळ्यांनी लावला होता. आमच्यातल्या एकानं शोधून काढलं की तो जुना आहे, दुसऱ्याच देशातला. लुब्नानं तो लावला नाही. वाचकांनी शिव्या घातल्या, आपलेच लोक रागावले. मी तिला विचारलं, "फोटो खोटा असला तरी शाळा तर खरोखर पडली ना?" ती म्हणाली, "उम्म सायली, आमची बाजू आहे म्हणूनच आम्हाला एकही चूक परवडत नाही. एक चूक सापडली की लोक म्हणतात, बघा, यांचं सगळंच खोटं." उम्म सायली म्हणजे सायलीची आई. लुब्ना मला याच नावानं हाक मारते.

मंडळातल्या संध्याताईंना हे कळलं तेव्हा त्या मला हळदीकुंकवाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, आपण इथे पोटासाठी आलोय. कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" शिरीषलाही सुरुवातीला काळजी वाटायची. मी दोघांना एकच उत्तर दिलं, की मी बातमी लिहीत नाही, तपासते, आणि तपासणं हा माझा धंदा आहे. खरं तर मला फार वर्षांनी सकाळी उठल्यावर काम होतं आणि मी खूश होते. कुणाच्या दुःखावर आपण खूश कसे, असं वाटून मी लुब्नाला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तू रडत बसलीस तर स्वल्पविराम कोण बघणार? यल्ला, कामाला लाग."

हल्ले वाढले तसं वेबसाइटवर एक नवं पान सुरू झालं, सापडलेल्यांचं. ढिगाऱ्याखालून किंवा रस्त्यावरून ज्यांना जिवंत इस्पितळात आणलं जाई, त्यांची नावं तिथले स्वयंसेवक कागदावर लिहीत आणि नेटवर्क मिळेल तेव्हा फोटो काढून पाठवत. ते अक्षर लुब्ना वाचून टंकित करायची. इंग्रजी यादी वर जाण्याआधी शेवटची नजर माझी. जगभर पसरलेले नातेवाईक दिवसातून दहा-दहा वेळा ते पान उघडायचे. मेलेल्यांची पानं मी आयुष्यभर वाचली होती, जिवंत असलेल्यांची यादी मी पहिल्यांदाच तपासत होते. ती मी जीव लावून तपासायचे.

एका दुपारी अशीच यादी आली. लुब्ना वर्गावर होती, यादी टंकित करून मला पाठवून गेली होती. त्यात एक कुटुंब होतं. कमाल बरकात, मग ओमर कमाल बरकात, रीम कमाल बरकात. नवरा आणि दोन मुलं. आणि त्यांच्या मधोमध हनान यूसुफ शाहीन. त्या दिवशी वयं आली नव्हती, मुलांपुढे नुसतं 'मुलगा', 'मुलगी' असं होतं आणि हनानच्या पुढे काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात लगेच लख्ख प्रकाश पडला. टंकताना नजर घसरते आणि वरच्या ओळीतली नावं खालच्या ओळीत उतरतात, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा घोटाळा. तीन ओळी वर कुणी शाहीन होतेच. नवरा बरकात, मुलं बरकात, मग आईच तेवढी शाहीन कशी? मी ती ओळ दुरुस्त केली. हनान कमाल बरकात. आणि यादी वर गेली. लुब्नाच्या मूळ फोटोशी ताडून पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. मला गरज वाटली नाही, इतकी माझी खात्री होती. संध्याकाळी मी शिरीषला कौतुकानं सांगितलंसुद्धा की आज एक चूक पकडली.

दोन दिवसांनी लुब्ना डोळे पुसत माझ्याकडे आली. हातात फोन होता. ओमानमधल्याच एका वाचकाचा मेसेज आला होता, इमाद शाहीन नावाचा, सूर या किनाऱ्यावरच्या गावात भौतिकशास्त्र शिकवणारा पॅलेस्टिनी शिक्षक. लुब्नानं तो मला इंग्रजीत वाचून दाखवला. 'तुमच्या यादीमुळे आम्हाला कळलं. माझी बहीण हनान पोटुशी होती, दिवस भरत आले होते. यादीत तिचं नाव नाही, पण तिचा नवरा आणि मुलं आहेत, आणि त्यांच्याबरोबर हनान ही कमालची मुलगी आहे. बहीण गेली आणि बाळ वाचलं, बाळाला आईचं नाव दिलं, हे आम्ही समजलो. तुमचे आभार.'

लुब्ना म्हणाली, "बघ, आपलं पान काय काम करतं."

मी म्हटलं, "लुब्ना, ते नाव मी केलं."

"केलं म्हणजे?"

"बायको आहे म्हणून नवऱ्याचं नाव लावलं. मला वाटलं तुझी चूक झाली."

तिला आधी कळेचना की कुणी असं का करेल. मग तिनं शब्द मोजत सांगितलं, की त्यांच्याकडे बाई जन्मते त्या नावानं मरते. लग्न झालं म्हणून वडील बदलत नाहीत. हनान कमाल बरकात याचा अर्थ एकच होतो, कमालची मुलगी हनान.

आणि आमच्याकडे? माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, शिरीषनं अंगठीनं त्यात 'मधुरा' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मंगल वसंत चौगुले संपली. पासपोर्टवर मधुरा शिरीष मगदूम आहे. मला त्यात कधी काही खटकलं नाही. हळदीच्या डागासारखं ते लग्नाबरोबर आलं आणि अंगावर राहिलं. तोच नियम मी हजारो मैलांवरच्या एका बाईला लावला होता, आणि सूरमध्ये तिचा भाऊ दोन दिवस तिचा शोक करत होता.

आम्ही मूळ कागदाचा फोटो उघडून पाहिला. हनान यूसुफ शाहीन, स्वच्छ अक्षरात, इस्पितळात आणलेल्या जिवंत माणसांत. पण तो कागद दोन दिवसांपूर्वीचा होता आणि त्यानंतर स्वयंसेवकांचे फोन बंद होते. लुब्नाचं म्हणणं होतं की खात्री होईपर्यंत थांबावं. "आज आशा द्यायची आणि उद्या काढून घ्यायची? त्यापेक्षा पुरलेलं पुरलेलं राहू दे." मी म्हटलं, "त्या घरात जे चाललंय ते माझ्या चुकीवर चाललंय. कागदात काय होतं ते सांगायचं. त्यापुढचं आपल्याला माहीत नाही, तेही सांगायचं. तुझाच नियम आहे." तिनं इमादचा नंबर काढला. मग मी सांगितलं की हे फोनवर सांगायचं नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपण स्वतः जातो, हे तरी आमच्याकडे आणि तुमच्याकडे एकच असेल.

शिरीषनं रजा टाकली आणि गाडी काढली. सूरपर्यंत दोन तासांचा रस्ता. गावात शिरताना, जिथे किनाऱ्यावर लाकडी जहाजं बांधतात तिथे सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "काय बोलायचं ते ठरलंय ना?" मी म्हटलं, "ठरलंय." काहीच ठरलं नव्हतं.

घराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शाळेतले सहकारी, शेजारचे कोळी, दोन केरळी मास्तर, सगळे हातात बिनसाखरेच्या कॉफीचे छोटे पेले घेऊन बसले होते. त्यांच्यात तीन दिवस अशी माणसं बसतात. इमाद उठून आले. चाळिशीचा उंच माणूस, दाढी वाढलेली. लुब्नानं अरबीत बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज गेला. मग मी पुढे झाले. इंग्रजीत म्हटलं, "सर, यादीतलं तुमच्या बहिणीचं नाव मी बदललं. मूळ कागदात हनान यूसुफ शाहीन आहे. जिवंत आणलेल्या माणसांत. तो कागद दोन दिवसांपूर्वीचा आहे. आज त्या कशा आहेत, ते आम्हाला माहीत नाही."

त्यांनी विचारलं, "का बदललं?"

"आमच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतं. मधलं नाव नवऱ्याचं लागतं."

"म्हणजे तुमचे वडील तुमच्या नावातून काढून टाकतात?"

मी हो म्हटलं. याच्यावर मला आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला. त्या हस्ताक्षरावर बोट फिरवत त्यांनी बहिणीचं नाव मोठ्यानं वाचलं, मग वडिलांचं, मग आडनाव. मग वळून बसलेल्या माणसांना अरबीत काहीतरी म्हणाले. लोक एकमेकांकडे बघत उठायला लागले. लुब्नानं मला नंतर सांगितलं, ते म्हणाले होते, "कॉफी खाली ठेवा. अजून काही झालेलं नाही." आतून त्यांची बायको धावत आली आणि दारातच खाली बसली. मग इमाद माझ्याकडे परत वळले, आणि राग तेव्हा आला. "दोन दिवस मी माझ्या बहिणीला पुरत होतो, मॅडम. माझ्या आईला अम्मानमध्ये फोन करून मी सांगितलं. मी सांगितलं." मी मान खाली घालून उभी राहिले. तो राग माझा होता, तो घेणं मला भाग होतं. शिरीष गाडीशी उभा होता तो तेवढा माझ्या मागे येऊन थांबला.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. इमाद रोज सकाळी एक फोन करायचे. लुब्ना म्हणायची, "अजून नाही," आणि ते "ठीक आहे" म्हणून ठेवायचे. वेबसाइटवर आम्ही पानाच्या अगदी वर दुरुस्ती लावली, की मूळ यादी बरोबर होती, चूक आमच्या संपादनात झाली, एका विवाहित बाईचं नाव बदललं गेलं. ती वर गेल्या गेल्या वेबसाइटच्या विरोधकांनी तिचे स्क्रीनशॉट फिरवायला सुरुवात केली. यांच्या याद्या घरबसल्या बनतात, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या सहकाऱ्यांपैकी एक जण लुब्नाला म्हणाला, दुरुस्ती खाली ढकल, कशाला तोंडावर ठेवायची. तिनं ती महिनाभर हलवली नाही. मी राजीनाम्याचा मेल लिहून तिला वाचायला दिला. तिनं वाचला आणि म्हणाली, "तुझ्या हातून ही चूक आता पुन्हा होणार नाही. नव्या माणसाच्या हातून होईल. मग मी तुला का सोडू? शिवाय मेलमध्ये एक शब्द दोनदा आलाय." खरंच आला होता.

पाचव्या दिवशी आवाज आला. स्वयंसेवकाच्या फोनवरून हनाननं भावासाठी बोलून पाठवलं होतं. इमादनी ते लुब्नाला पाठवलं आणि लुब्नानं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला एकेक वाक्य सांगितलं. "इमाद, तू मला पुरलंस म्हणे. थोडा दम धरायचा होतास. पाय मोडलाय, बाळ अजून पोटात आहे आणि तुझ्यासारखाच लाथा मारतंय. आईला सांग, आणि या वेळी नीट चौकशी करून सांग." लुब्ना हसता हसता रडायला लागली. मीही रडले, पोळी तव्यावर करपली, सायली बाहेरून ओरडली, "आई, समथिंग इज बर्निंग!" आणि आम्ही दोघी आणखी हसलो. हनानला पुढे मुलगी झाली. तिचं नाव हनान नाही.

आता आमच्या नियमांच्या कागदात एक ओळ माझी आहे, की नाव जसं आलं तसं ठेवा, शंका आली तर माणसाला विचारा. इमादच्या घरी आम्ही दोनदा जेवून आलो. ते मला अजून मॅडम म्हणतात. त्यांनी माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या शुक्रवारी सांगलीला फोन केला आणि आईला हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. आई ऐकत होती, मधे मधे "अगं बाई" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "त्या पोरीला तिच्या बापाच्या नावानं शोधत होते, म्हणून गोंधळ झाला व्हय?" मी हो म्हटलं.

मग म्हणाली, "मला कोण शोधायला आलं असतं तर त्याला मी सापडलेच नसते बघ. सुमती हे नाव ह्यांनी ठेवलं. आधी दुसरं होतं."

मला ते माहीत नव्हतं. मामा तिला अक्का म्हणायचे, आजी पोरी म्हणायची, आणि आम्ही आई. माझी पन्नाशी उलटली, हजारो बायकांची नावं मी तपासली, कंस कापले, आणि माझ्या आईचं पहिलं नाव मला ठाऊक नव्हतं. मागून नानांचा आवाज आला, "काय चाललंय एवढं?" आई म्हणाली, "तुम्ही गप बसा जरा. मी नाव सांगाय लागलेय."

मी वही ओढली. तुम्ही मला घर कुठलं विचारता, तेव्हा मी कधी सांगली म्हणते, कधी दार्सैत. लुब्नाचं गाव तिनं कधी पाहिलेलंही नाही, तरी ती आजोबांच्या गल्लीचं नाव सांगते. त्या वेळी वही हातात धरून मला एवढंच वाटलं, की घर माझं अजून तिकडेच आहे, आणि मी ते नीट वाचलेलंच नाही.

"हं, सांग," मी म्हटलं. "तुझं नाव, वडिलांचं, आजोबांचं, मग आडनाव. सावकाश."

तिनं सांगितलं. मी लिहिलं. लिहून तिला परत वाचून दाखवलं, "हौसा गणपती तातोबा पाटील. बरोबर?"

"हां," आई म्हणाली. "तीच मी."